मागणे, आर्जव, आमेन

महाराष्ट्रातल्या एखाद्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रविवारी सकाळी जाऊन बसा. पाळक 'आपण प्रार्थना करू या' असे म्हणून सुरुवात करतात आणि बहुधा 'येशूच्या नावाने मागतो, आमेन' या शब्दांनी थांबतात. आरंभीचा शब्द संस्कृत, शेवटचा हिब्रू आणि त्याच्या अलीकडचा रोजच्या वापरातला मराठी. प्रार्थना करायची असे ठरवून बसलेला माणूस उठताना मात्र 'मागतो' असे कबूल करून उठतो. मनापासून प्रार्थना करणे म्हणजे काय, यावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. या शब्दांकडे नुसते नीट पाहिले तरी त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

'मागणे' हा शब्द आपण थोडा खालच्या पायरीवर बसवला आहे. भिकारी मागतो, पोर खाऊ मागते, सावकार पैसे मागतो. पण मूळ संस्कृत धातू 'मार्ग्', आणि त्याचा अर्थ शोधणे. प्राकृतात त्याचे 'मग्ग' झाले आणि मराठीत 'मागणे'. चोराचा काढतात तो 'माग', 'मागोवा' आणि आपला रोजचा 'मार्ग' ही सगळी एकाच कुळातली. मागणारा म्हणजे मुळात माग काढत निघालेला. येशूने डोंगरावरील प्रवचनात मागणे, शोधणे आणि दार ठोकणे अशा तीन क्रिया एकापुढे एक सांगितल्या आहेत. मराठीच्या हिशेबाने त्यातल्या पहिल्या दोन मुळात एकच निघतात. गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीने तर हा शब्द कधी खाली बसवलाच नाही. तिथे प्रार्थनेलाच 'मागणें' म्हणतात.

देवाशी बोलण्याचे मराठीतले इतर शब्दही असेच घरगुती आहेत. 'साकडे' हे 'संकट'चे रूप. संकट म्हणजे मुळात अरुंद, जिथे अंग वळवायला जागा नाही अशी जागा. देवाला साकडे घालणारा त्या अरुंद जागेतून बोलत असतो. 'धावा' या शब्दात हाकेतला मजकूरच आहे: धाव. 'आळवणे' हे 'आलाप'च्या घरचे, म्हणून गवई राग आळवतो आणि भक्त देवाला आळवतो. आणि 'गाऱ्हाणे' आले आहे 'गर्हणा'वरून, म्हणजे दोष देण्यावरून. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा त्यात मागणे असते आणि जरा जाब विचारणेही असते.

बायबलमधल्या स्तोत्रांकडे या शब्दाने पाहावे. हिब्रूत त्या ग्रंथाचे नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवने, मराठीत 'स्तोत्रसंहिता'. नाव वाचून वाटते की आत सगळी स्तुती असेल. उघडून पाहिले तर पानोपानी गाऱ्हाणी आहेत. देवा, किती दिवस गप्प बसणार, मला का टाकलेस, वाईट माणसांचे बरे कसे चालते, असले प्रश्न तिथे तोंडावर विचारलेले आहेत. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना त्यात आणि स्तुतीत विरोध दिसला नाही. आज प्रार्थनेला उभे राहिलेल्या माणसाला मात्र देवापुढे तक्रार करणे म्हणजे अविश्वास असे वाटते. पोटात गाऱ्हाणे असताना तो ओठांवर स्तोत्र आणतो. प्रार्थनेतला पहिला खोटेपणा शिरतो तो असा, भक्तीच्याच वाटेने.

'प्रार्थना' हा शब्द या सगळ्यांपेक्षा धुतलेल्या कपड्यातला. 'प्र' अधिक 'अर्थ्', म्हणजे इच्छा धरणे, मागणे. विद्या मागणारा तो विद्यार्थी, त्यातला 'अर्थी' इथलाच. तेव्हा अर्थाने 'प्रार्थना' म्हणजेही मागणेच, फक्त आवाज सभ्य. 1867 साली मुंबईत आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. ख्रिस्ती न होता एकेश्वरी उपासना करू पाहणाऱ्या त्या मंडळींनी नावासाठी हाच शब्द निवडला. सामुदायिक उपासनेला शोभेल असे वजन त्यात होते.

इंग्रजीतला 'प्रेयर' लॅटिनमधल्या 'प्रेकारी' या विनवण्याच्या क्रियापदावरून आला, आणि 'प्रिकेरियस' हा शब्दही तिथूनच. रोमन कायद्यात 'प्रेकारिउम' म्हणजे विनंतीवरून मिळालेला, देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा परत जाणारा ताबा. विनवून मिळालेले हक्काचे नसते, ते कधीही जाऊ शकते, म्हणून तो शब्द पुढे डळमळीत या अर्थाला पोचला. मागणाऱ्याची जागा ही अशीच असते.

'विनंती' आणि 'विनवणी' यांची कुळकथा वेगळी आहे. विनंती आली 'विज्ञप्ती'वरून आणि विनवणे आले 'विज्ञापन'वरून. दोहोंच्या पोटात 'ज्ञा', म्हणजे जाणणे. विनवणी म्हणजे मुळात कळवणे. इथे एक जुनी अडचण उभी राहते. तुम्ही मागण्याआधीच तुमची गरज पित्याला ठाऊक आहे, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो. ठाऊक असलेल्याला काय कळवायचे? पण कळवताना कळवणाऱ्यालाही काही कळते. आपल्याला नेमके काय हवे आहे हे मागायला तोंड उघडेपर्यंत आपल्यालाच पुष्कळदा माहीत नसते. कचेरीतला 'विनंती अर्ज' लिहून पाहा. त्यातला 'अर्ज' अरबी, अर्थ पुढे ठेवणे, मांडणे. 'कारण' या रकान्यापाशी आले की लेखणी अडते आणि मग खरे कारण कोणते याचा विचार सुरू होतो.

मागण्याला बोलीची जोड मिळाली की 'नवस' होतो. गोव्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही त्याला 'आंगवण' म्हणतात. बांद्र्याच्या माउंट मेरीला मुंबईकर 'मोतमावली' म्हणत आले. तिची जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. चढावर दुतर्फा मांडलेल्या दुकानांत मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवे असेल तर मेणाचे घर, मूल हवे असेल तर मेणाची बाहुली. घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात. इंग्रजी 'सिन्सियर' या शब्दाची एक व्युत्पत्ती प्रवचनकारांना फार प्रिय आहे. ती अशी की तो लॅटिन 'सिने सेरा' म्हणजे 'मेणाविना' यावरून आला, कारण लबाड शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवत. गोष्ट छान आहे, पण भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. मूळ 'सिन्सेरुस'चा अर्थ निर्भेळ, अखंड. आणि बांद्र्याच्या चढावर तिची आणखी पंचाईत होते, कारण तिथे मेणच प्रामाणिक असते. गुडघा दुखणारी बाई मेणाचा पाय विकत घेते तेव्हा तिच्या मागण्यात काडीचीही संदिग्धता नसते. नवसात व्यवहार आहे हे खरे, पण काय हवे ते तिने हातात धरून दाखवले आहे.

असे सरळ मागण्याला मराठीत एक शब्द आहे: 'आर्जव'. आज आपण आर्जव करतो म्हणजे विनवतो, मिनत्या करतो. आर्जवी आवाज म्हणजे मऊ, विनवणीचा. पण संस्कृतात 'आर्जव' हे 'ऋजु'चे भाववाचक नाम, म्हणजे सरळपणा. लॅटिन 'रेक्तुस' आणि इंग्रजी 'राइट' हे त्याचे दूरचे नातेवाईक. गीतेत तेराव्या आणि सोळाव्या अध्यायांतल्या गुणांच्या यादीत आर्जव येते ते याच अर्थाने, आणि ज्ञानेश्वरीनेही ते तसेच उलगडले आहे. आत एक बाहेर एक नसणे म्हणजे आर्जव. मराठीने या सरळपणाला हळूहळू मागण्याच्या कामाला लावले. सरळ माणूस अकडत नाही, न अकडता बोलणारा मऊ बोलतो, आणि मऊ बोलण्यातून विनवणी फार लांब नसते. पुढे त्यात थोडी मनधरणीही मिसळली. तरी मूळ अर्थ अजून आत जिवंत आहे, कारण लबाडीने केलेल्या विनवणीला आपण आर्जव म्हणत नाही, लाळघोटेपणा म्हणतो.

हिब्रूतही असाच एक शब्द आहे, 'याशार', म्हणजे सरळ. स्तोत्रकर्ते देवाच्या जवळच्या माणसांना 'हृदयाने सरळ' असे म्हणतात. त्या हिब्रू शब्दाचे मराठी करायला बसलो तर मला 'आर्जवी'पेक्षा बरा शब्द सुचत नाही, कारण त्यात सरळ असणे आणि विनवणे दोन्ही एकदम येते.

प्रभूच्या प्रार्थनेत या आर्जवाचा नमुना पाहायला मिळतो. तिच्यात भाकर मागितली आहे, तीही आजची. त्या भाकरीला ग्रीकमध्ये जे विशेषण लावले आहे, 'एपिऊसिओस', त्याने पंडितांना दोन हजार वर्षे दमवले. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनचे म्हणणे होते की तो शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा. जेरोमने लॅटिन भाषांतरात मत्तयाच्या ठिकाणी एक शब्द वापरला आणि लूकच्या ठिकाणी दुसरा. मराठीने 'रोजची' म्हणून तो प्रश्न संपवला. विशेषणाचा वाद काहीही असो, नामाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. याउलट आपल्या मंडळ्यांमधल्या काही प्रार्थना 'हे सर्वसमर्थ, दयाळू, कृपाळू, कनवाळू, परमपवित्र स्वर्गीय पित्या' अशा निघतात आणि भाकरीपर्यंत पोचायला दहा मिनिटे घेतात.

लांबण लावणाऱ्यांसाठी मत्तयाने 'बत्तालोगेओ' असे एक क्रियापद वापरले आहे. उच्चार केला तरी अर्थ कळतो, आपल्या 'बडबड'सारखेच ते आवाजावर घडलेले आहे. काहींनी त्यावरून जपमाळेला नावे ठेवली. पण पुन्हापुन्हा म्हणणे आणि बडबडणे या दोन गोष्टी आहेत. गोव्यात जपमाळेला 'तेर्स' म्हणतात. पोर्तुगीज 'तेर्सु' म्हणजे तिसरा हिस्सा, कारण पूर्ण माळेत पंधरा रहस्ये आणि एका वेळी म्हणायची पाच. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच रहस्ये जोडली, त्यामुळे हिशेबाने तिसऱ्याचा चौथा हिस्सा झाला, नाव मात्र तेर्सच राहिले. मराठीत 'जपणे' म्हणजे नाव घेत राहणे आणि 'जपणे' म्हणजे सांभाळणेही. संध्याकाळी घरातली सगळी माणसे एकत्र बसून म्हणतात ते शब्द रोज नवे नसतात. ते रोज सांभाळलेले असतात.

मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात दिखाऊ प्रार्थना करणाऱ्यांना 'हिपोक्रितेस' म्हटले आहे. मराठी बायबलमध्ये त्याचे 'ढोंगी' होते. ग्रीकमध्ये हा शब्द मुळात नटाचा, रंगमंचावर दुसऱ्याची भूमिका करणाऱ्याचा. आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, सोंग आणि ढोंग. सोंग म्हणजे हिंदीतल्या 'स्वांग'चा भाऊ. बोहाड्यात सोंगे नाचतात, तमाशात सोंगाड्या असतो, आणि पाहणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक असते. ढोंगात पाहणाऱ्याला फसवायचे असते. चारचौघांत प्रार्थना करणारा बहुधा ढोंगी नसतो. ऐकणारे आहेत या जाणिवेने त्याच्या अंगात जरासे सोंग शिरते एवढेच. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात. प्रार्थनेचे सोंग आणणे त्या मानाने फार सोपे, आणि म्हणून ते आणणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

यावर येशूने सुचवलेला उपाय म्हणजे खोलीत जाऊन दार लावणे. ग्रीक शब्द आहे 'तामेइओन'. लूकच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांजवळ कोठी नसते असे म्हटले आहे, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे ही शांत, सजवलेली देवघराची खोली नव्हे. ही धान्याची कोठी, जुन्या घरात जिला खिडकी नसायची आणि दार नक्की असायचे. डाळीच्या डब्यांपुढे आणि कांद्याच्या पोत्यांपुढे कोणी सोंग आणत नाही.

पण उपासना सगळ्यांनी मिळून करायची असते, तिथे कोठीचे दार लावून भागत नाही. अशा वेळी मराठी व्याकरण मदतीला येते. इंग्रजीत 'वी' आणि 'अवर' एकेकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर आपण, त्याला वगळून बोलायचे तर आम्ही. पाळक लोकांकडे पाहून 'आपण प्रार्थना करू या' म्हणतात, आणि डोळे मिटून देवाकडे वळले की लगेच 'आम्ही' सुरू होते. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या' पित्या असेच म्हणावे लागते. 'आपल्या' म्हटले तर देवही त्या पित्याच्या लेकरांत मोजला जाईल.

त्यामुळे प्रार्थना करणारा कोणाशी बोलतो आहे हे एका सर्वनामावरून कळते. 'हे प्रभू, आपण सारे जाणतो की अलीकडे तरुण मंडळी उपासनेला उशिरा येतात' असे एखादा म्हणाला की समजावे, डोळे मिटलेले असले तरी बोलणे मागच्या बाकांशी चालले आहे. इंग्रजीत हे लपून जाते, मराठीत लपत नाही. प्रार्थनेच्या खरेपणाची मोजदाद आपण सहसा कंठ दाटण्यावरून, डोळे पाणावण्यावरून करतो. सर्वनाम जागेवर आहे का, हे पाहणे अधिक भरवशाचे. प्रार्थनेतला सरळपणा म्हणजे ज्याच्याशी बोलतो म्हणालो त्याच्याशीच बोलणे.

दुसरे सर्वनाम 'तू'. जुन्या मराठी घरात वडिलांना 'अहो, तुम्ही' आणि आईला 'अगं, तू'. ख्रिस्ती माणूस देवाला पिता म्हणतो, पण सर्वनाम आईचे देतो. विठोबाला तू म्हणणाऱ्या भाषेत दुसरे काही शोभलेही नसते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि ख्रिस्ताला त्यांनी 'माउली' म्हणून हाक मारली. वारकऱ्यांच्या या शब्दाबरोबर 'तू'ला घरचा ठावही मिळाला. अभंगात, ओवीत आणि कीर्तनात बसल्यावर मराठी ख्रिस्ती माणसाचे मागणे भाषांतर केल्यासारखे वाटेनासे झाले.

याची सुरुवात त्यांच्याही फार आधीची. विल्टशरमध्ये जन्मलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्याला आला, आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या, त्याही रोमन लिपीत. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी म्हणायला हवे होते. त्याची कोकणीतली ख्रिस्ती शिकवणुकीची पुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये निघाली. पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली मोठ्याने, एकाच वेळी, तासन् तास प्रार्थना करत. त्याच मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत सबंध बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून आणले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचे काम तिथल्या बायकांनीच केले. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पुस्तक 1924 मध्ये पूर्ण निघाले. वसईच्या कॅथलिकांना मिस्सा मराठीत मिळायला मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची वाट पाहावी लागली. डिसेंबर 1963 मध्ये परिषदेने लोकभाषेला उपासनेत जागा दिली. तोवर वेदीवरची लॅटिन त्यांच्या कानावर पडायची, आणि त्यांच्या वाट्याला यायचा तो मुख्यतः शेवटचा शब्द.

तो शब्द म्हणजे 'आमेन'. हिब्रू धातूचा अर्थ पक्के असणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे. विश्वासाला हिब्रूत 'एमुना' म्हणतात तो शब्द याच धातूचा. पुष्कळांना वाटते की आमेन म्हणजे आपला 'तथास्तु'. तसे नाही. तथास्तु देणारा म्हणतो: देव म्हणतो, ऋषी म्हणतो, घरात वाईट बोललात तर वास्तू म्हणते. आमेन मागणारे म्हणतात. त्याला मराठीतला खरा जोडीदार कोकणातल्या गाऱ्हाण्यात सापडतो. एक जण गाऱ्हाणे घालत जातो आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणतात. बोलला तो एकटा, पण मागणे आमच्या सगळ्यांचे, ही त्यातली कबुली.

होय म्हणायचे तर कशाला होय म्हणतो हे ऐकलेले आणि कळलेले असायला हवे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने हाच मुद्दा काढला आहे: ज्याला तुमचे बोलणे समजले नाही त्याने तुमच्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणावे? यहुदी परंपरेने तर याचे नियम घातले. बेराखोथ या तालमुदच्या भागात तीन प्रकारचे आमेन वर्ज्य आहेत: घाईने उरकलेला, शेवटचे अक्षर खाऊन टाकलेला आणि पोरका. आशीर्वचन न ऐकता म्हटलेला आमेन तो पोरका, कारण त्याला मायबाप नाहीत.

प्रार्थनेच्या खरेपणाचा विचार आपण नेहमी म्हणणाऱ्याच्या बाजूने करतो आणि ऐकणाऱ्यांना सोडून देतो. पण रविवारी पुढे उभा असतो एक, आणि आमेन म्हणणारे दोनशे. मोबाइलचा आवाज बंद करता करता, पुढच्या ओळीतल्या पोराला डोळ्यांनी दटावता दटावता त्यांनी म्हटलेला आमेन पोरका असतो. पुढच्याने सर्वनाम सांभाळले तरी तेवढ्याने ती प्रार्थना सगळ्यांची होत नाही. ऐकले नसेल तर त्या वेळी गप्प राहावे, तेही आर्जवच.